दोन तास मागे

एस्कोला पाव भाजायचं यंत्र दुरुस्तीला दिलं तर तो त्यावरही लिनक्स चढवेल, असं फिनलंडमधल्या आमच्या राहे गावात सगळे म्हणायचे. म्हणोत बापडे, खोटं नव्हतंच ते. बंदरातली क्रेन सोडून तो निवृत्त झाला, आणि तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत लोकांचे संगणक बघत बसायचा. मी तिथे कॉफी करायचे, म्हाताऱ्यांना फोन शिकवायचे आणि एस्को कुणाला काही लागेलसं बोलला की ते निस्तरायचे. माझा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलाय, हट्टी लोकांना वाढायची मला सवय आहे.

त्या हिवाळ्यात खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. जुन्या विंडोजला यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत असं जाहीर झालं होतं आणि जो तो लॅपटॉप काखेत मारून येत होता. एस्को लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, पेनड्राइव्ह लावायचा, मशीन त्यावरून चालू करायचा आणि विचारायचा, "विंडोज पुसू की शेजारी ठेवू?" लोक घाबरून म्हणायचे, शेजारी. मग मशीन चालू करताना यादी येते, हे हवं की ते, आणि माणूस घरी जाऊन मुकाट्याने विंडोजच उघडतो. एस्कोला ते पक्कं ठाऊक असायचं आणि त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

अन्नीना आली ती अशाच एका मंगळवारी, बाकीचे उठून गेल्यावर. चाळिशीची बाई, घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करते. मी तिला लहानपणापासून ओळखते. शाळेत मासा वाढला की ती तो बटाट्याखाली लपवायची, आणि मी न पाहिल्यासारखं करायचे. ती कोट न काढता दाराकडे तोंड करून बसली.

"शेजारीच टाकायचंय," ती म्हणाली. "पण दिसायला नको."

"म्हणजे?" एस्को.

"यादी नको. चालू केलं की सरळ विंडोज यायला हवं, रोजच्यासारखं."

"मग लिनक्स कशाला? शोभेला?"

"एस्को, गप्प बस आणि ऐकून घे जरा," मी म्हटलं. तिचे हात मला दिसत होते. टेबलाखाली तिने ते एकमेकांत घट्ट धरले होते.

मी कप पुढे केला आणि माझा नंबर घालून द्यायला तिचा फोन मागितला.

"घरी विसरलेय," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे विसरले असं सांगणार आहे. तो फोन जिथे जातो ते पेत्तेरीला दिसतं."

पेत्तेरी तिचा नवरा. आमच्याकडे त्याला नावं ठेवणारा माणूस सापडायचा नाही. पोरांना आइस हॉकी शिकवतो, शेजारच्या म्हातारीच्या दारातला बर्फ न सांगता काढतो. आमच्यात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. पेत्तेरी करतो. मला ते कधी आवडलं नाही, पण का ते सांगता आलं नसतं.

"विंडोजमध्ये त्याने काहीतरी टाकून ठेवलंय," अन्नीना सांगत होती. "मी दिवसभरात जे जे लिहिते ते त्याला मिळतं. रात्री जेवताना वाचून दाखवतो."

"काय वाचून दाखवतो?"

"मी बहिणीला लिहिलेलं. पियाला, स्वीडनमध्ये उमेओला असते ती. वाचतो आणि विचारतो, 'या वाक्याचा अर्थ मला समजावून सांगशील का?' रागावत नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबतो. जेवण गार होतं."

"मारतो?" मी सरळ विचारलं.

"नाही." मग खाली बघून, "अजून तरी नाही."

एस्कोने चष्मा काढून पुसला. "मग इथले संगणक आहेत की बाहेर," तो म्हणाला.

"बाहेर वाचनकक्षात माझी सासू बसलीय, एस्को. रोज बसते. आत्ताही प्रिंटरचं काम आहे असं सांगून आलेय मी."

"तर मग पेनड्राइव्हच घेऊन जा. त्यावरूनच चालतं सगळं, मशीनमध्ये काही टाकायलाच नको."

"माझी पर्स तो रोज टेबलावर रिकामी करतो."

एस्कोने लॅपटॉप ओढून घेतला आणि पेनड्राइव्ह लावला. विंडोजला थोडं आकसायला लावून त्याने शेवटी एक चिंचोळी जागा मोकळी केली आणि तिथे लिनक्स बसवलं, कुलूप घालून. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मग त्याने ती यादीही घालवली. मशीन नुसतं चालू केलं तर विंडोज. चालू करताना एक बटण दाबून धरलं तरच दुसरं. त्याने पुन्हा पुन्हा बंद-चालू करून बघितलं आणि पेनड्राइव्ह स्वतःच्या खणात टाकला.

"आता कुणाच्या बापाला कळायचं नाही," तो म्हणाला. "घरात भाडेकरू आलाय हे विंडोजलाच माहीत नाही."

अन्नीना पहिल्यांदाच हसली.

त्यानंतर ती एकदाच दिसली, दुकानात, माशांच्या काउंटरपाशी. पेत्तेरी पलीकडे दुधाच्या तारखा तपासत होता. ती माझ्या शेजारून जाताना पुटपुटली, "पियाने खोली बघितलीय. नाताळ झाला की जाते." आणि मोठ्याने म्हणाली, "यंदा सामन मासा महाग झालाय नाही?" तो मान वळवून आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, हो ना, लुटतात मेले.

नाताळाच्या आधीच्या मंगळवारी दुपारी बाहेर अंधार पडला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. दार उघडून ती दोघं आत आली. पेत्तेरीने पायपुसण्यावर बुटांचा बर्फ नीट झाडला, तिचा कोट काढून घेतला, आपल्या कोटाशेजारी खुंटीला लावला. त्याच्या पँटच्या खिशात काहीतरी लोखंडी खुळखुळत होतं.

"नमस्कार. तुमचा फार वेळ घेणार नाही," तो म्हणाला आणि लॅपटॉप एस्कोसमोर ठेवला. "हिचं घड्याळ चुकतंय. दोन तास मागे दाखवतं."

एस्कोचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. का ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. मशीनच्या आत एकच घड्याळ असतं. विंडोज त्यात आपल्या गावची वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. लिनक्स वापरून बंद केलं की विंडोजच्या हाती ग्रीनिचची वेळ लागते, आणि हिवाळ्यात ती आमच्यापेक्षा बरोबर दोन तास मागे असते. शेजारी बसवणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवून जुळवायची असते, एका ओळीचं काम. पण एस्कोच्या घरात विंडोजला कित्येक वर्षं थारा नव्हता आणि त्याची त्याला केवढी ऐट! ज्याच्याकडे एकच आहे त्याला दोघांचं घड्याळ कुठून आठवणार? बाकी लोकांचीही घड्याळं त्याने अशीच बिघडवली असणार, पण इंटरनेट लागलं की ती थोड्या वेळाने आपोआप जुळतात, म्हणून कुणी तक्रार केली नाही. बाकीच्यांच्या घरी पेत्तेरी नव्हता.

"बॅटरी असेल," एस्को म्हणाला. "आत एक छोटी बॅटरी असते. संपत आली की घड्याळ मागे पडतं."

"मलाही आधी तसंच वाटलं." पेत्तेरीने माझ्या ताटातला वेलदोड्याचा बन उचलला. "पण मग ते कधी थोडं मागे पडेल, कधी जास्त. हे दर वेळी नेमके दोन तास. मी जरा वाचलं त्यावर. मग डिस्क बघितली. शेवटी एक तुकडा आहे, विंडोजला न वाचता येणारा." त्याने घास खाल्ला. "बन तुम्ही केलेत का, राइया? सुरेख झालेत."

मी मान हलवली.

"मला कुणाशी भांडायचं नाही. ते कुणी टाकलं, एवढंच हवंय."

"मला काही माहीत नाही," अन्नीना दारापासूनच म्हणाली. फोन तिने दोन्ही हातांत धरला होता. "मी प्रिंटरसाठी आले होते. यांनीच टाकलं असेल न विचारता. सगळ्यांनाच टाकतात हे. म्हातारी माणसं, दुसरा उद्योग काय यांना?"

क्षणभर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं करून वर हे! मग मी तिच्याकडे पाहिलं आणि लाज वाटली मला माझ्या रागाची.

"हो, टाकलं आम्ही," मी म्हटलं. "हा एस्को ऐकतो का कुणाचं? मी सांगत होते, बाबा रे, विचार तरी तिला. पण नाही. याला वाटतं सगळ्या जगाने लिनक्स वापरावं."

"विंडोज भिकार आहे," एस्को म्हणाला. तेवढं मात्र त्याने अगदी मनापासून म्हटलं.

पेत्तेरी हसला. "असेल. पण न वापरता घड्याळ कसं मागे जातं?"

"एकदा चुकून कुठलंतरी बटण दाबलं गेलं," अन्नीना म्हणाली. "काळा पडदा आला. मी घाबरून बंद केलं."

"एकदाच?"

पेत्तेरीने घाई केली नाही. तो वाट बघत राहिला, आणि जेवण गार होतं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

"उघडून दाखवा," तो शेवटी एस्कोला म्हणाला.

"कुलूप आहे त्याला."

"मग पासवर्ड तुम्हाला माहीत असणार. तुम्हीच टाकलंत ना?"

"विसरलो," एस्को म्हणाला. एस्को! बंदरातल्या पहिल्या क्रेनचा नंबर अजून झोपेत सांगेल हा माणूस.

"हरकत नाही." पेत्तेरीने हात पुसले आणि तो कागदी रुमाल घडी करून ताटाखाली ठेवला. "पुसून टाका ते. माझ्या घरात माझ्या माहितीशिवाय काही चाललेलं मला आवडत नाही. बाकीचं अन्नीना मला घरी सांगेल."

हे तो अन्नीनाकडे न बघता म्हणाला, अगदी हळू. ती भिंतीला टेकली.

एस्कोने खणातून पेनड्राइव्ह काढला, लावला, मशीन त्यावरून चालू केलं. मग हात मांडीवर ठेवून तो बोलायला लागला. एस्को एका दमात इतकं बोललेला मी कधीच ऐकला नव्हता.

"वरवर पुसायचं तर आत्ता होईल. पण तसं पुसलेलं जाणकार माणूस परत आणू शकतो. कायमचं पुसायचं तर त्या तुकड्यातल्या एकेका जागेवर पुन्हा लिहीत जावं लागतं. वेळ लागतो त्याला. मधे मधे विचारतं ते, हे पुसू का, ते पुसू का. डोळे लावून बसायला हवं. चुकीचं उत्तर गेलं तर तुझ्या विंडोजमधलंही सगळं जाईल, साठवलेलं सगळं. कसं करू?"

मशीन काही विचारत-बिचारत नाही हे मलासुद्धा ठाऊक होतं.

"कायमचं," पेत्तेरी म्हणाला. "मी बसतो शेजारी."

त्याने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसला. पाठ आमच्याकडे. खिशातलं लोखंड खुर्चीवर आपटलं. पडद्यावर एक पट्टी अगदी सावकाश पुढे सरकायला लागली.

"अन्नीना, ये इकडे, कॉफी तरी घे," मी म्हटलं. पेत्तेरीने वळून बघितलं. मी किटली उचलून दाखवली. तो पुन्हा पडद्याकडे वळला.

कॉफीचं टेबल खोलीच्या कोपऱ्यात होतं, मागच्या दाराला लागून. मी नळ सोडला आणि कप विसळायला लागले.

"खिशात काय आहे त्याच्या?" मी विचारलं.

"खिडक्या उघडायच्या मुठी," ती म्हणाली. तिचे ओठ जेमतेम हलत होते. "सकाळी त्याने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या काढून घेतल्या. काही बोलला नाही. मग म्हणाला, चल, घड्याळ दाखवून आणू."

माझ्या हातातला कप पाण्यात पडला. आमच्याकडे खिडकीची मूठ काढली की ती खिडकी भिंतच होते.

"हे काय आलं?" तिकडे एस्को विचारत होता. "हे पुसायचं का?"

"कुठलं?"

"हे बघ, बारीक अक्षरात. तू वाच, मला दिसत नाही. हो म्हणू का नाही, तू सांग. मशीन तुझं आहे."

पेत्तेरी पुढे वाकला. त्याला कुणी विचारून केलेलं आवडतं. त्याचं नाक जवळजवळ काचेला लागलं होतं.

मी अन्नीनाकडे बघितलं. काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. मी माझा कोट तिच्या खांद्यावर टाकला. तिने फोन कपाच्या शेजारी ठेवला, पडदा वर करून, जसा त्याला आवडतो तसा. तिचा स्वतःचा कोट तिकडे त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला लटकत होता. मी नळ तसाच चालू ठेवला आणि मागचं दार उघडलं.

माझी गाडी मागेच उभी होती, इंजिन गरम राहावं म्हणून खांबावरच्या विजेची वायर लावलेली. ती काढायची राहिली. गाडी पुढे गेली, काहीतरी ताडकन तुटलं आणि वायर बर्फावर फरपटत आमच्याबरोबर आली. दोघींपैकी कुणीही उतरलं नाही.

पत्तियोकी गावाच्या पुढे रस्त्यावरचे दिवे संपले. मी औलू शहराच्या दिशेने निघाले होते. तिथे बायकांसाठी आश्रयघर आहे, रात्री-अपरात्री दार उघडतात. तिथून पुढे आखाताला वळसा घालून स्वीडन, पिया, ती खोली. हे सगळं मी तिला सांगत सुटले, कारण गप्प बसलं की मला नळाचा आवाज ऐकू यायचा.

"एस्को तिथे एकटा आहे," अन्नीना म्हणाली.

"माहीत आहे."

मी त्याला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला गेला.

"राइया," पेत्तेरीचा आवाज गाडीभर झाला. "एस्को जरा खाली बसलेत. तुम्ही कुठे आहात?"

अन्नीनाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"माझी बायको तुमच्याबरोबर आहे का? रस्ता निसरडा आहे, मला काळजी वाटते. कुठे आहात ते सांगा, मी येतो."

मागून एक खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि एस्को ओरडला, "वळू नकोस, राइया! अजिबात वळू—" आणि फोन बंद झाला.

"गाडी वळव," अन्नीना म्हणाली.

"नाही."

"राइया, वळव गाडी! त्याने काही केलं नाही, एस्कोने काय केलंय? माझ्यासाठी—"

"नाही म्हटलं ना!" मी किंचाळले. मला रडू फुटलं होतं आणि समोरचं नीट दिसत नव्हतं. त्या माणसाला मी जन्मभर हट्टी म्हणून हिणवलं, त्याची कॉफी मुद्दाम पातळ केली, आणि आता त्याला तिथे सोडून मी भर वेगाने पुढे चालले होते. मला त्याच्या जिवाची भयंकर धास्ती वाटत होती. तरी मी वळले नाही.

थोड्या वेळाने अन्नीनाने माझा फोन उचलला. तिने पोलिसांच्या मदतीचा आपत्कालीन नंबर दाबला. पलीकडून कुणीतरी विचारलं, काय झालंय.

"राहेच्या लायब्ररीत, मागच्या खोलीत," ती म्हणाली. "एका म्हाताऱ्या माणसाला मारहाण होतेय. लवकर पाठवा कुणाला तरी."

कोण मारतंय, त्या बाईने विचारलं.

अन्नीनाने माझ्याकडे बघितलं. मग समोर, काळ्या रस्त्याकडे.

"पेत्तेरी हाल्मे," ती म्हणाली. "माझा नवरा. हो, सांगते. सगळं सांगते. लिहून घ्या."